डेमोपुरती खोली

डूम या गेममध्ये पडद्याच्या तळाशी एक करडी पट्टी असते. तिच्या मधोमध नायकाचा चेहरा असतो, जो मार बसेल तसा रक्ताळत जातो. डावीकडे हातातल्या बंदुकीच्या उरलेल्या गोळ्या आणि जिवाची टक्केवारी दिसते. चेहऱ्याला लागून २ ते ७ असे सहा आकडे एका चौकोनात दोन ओळींत बसवलेले असतात. आणि अगदी उजव्या टोकाला चार प्रकारच्या दारूगोळ्याचा हिशेब चार ओळींत मांडलेला असतो. एखादी बंदूक सापडली की चौकोनातला तिचा आकडा करड्याचा पिवळा होतो. १० डिसेंबर १९९३ रोजी इड सॉफ्टवेअरने हा गेम प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या तीन भागांपैकी पहिला भाग कोणालाही फुकट घेता येत होता आणि पुढे वाटताही येत होता. उरलेले दोन भाग मात्र पैसे भरून मागवावे लागत. माझ्याकडे तो फुकटचा भाग होता, आणि कित्येक वर्षे तेवढाच होता. त्या भागात ५ पर्यंतचे आकडे पिवळे होत, ६ आणि ७ कधीच होत नसत. दारूगोळ्याच्या चौथ्या ओळीत ‘सेल’ असे लिहिलेले असे आणि त्यापुढे शून्य, तिरकी रेघ, तीनशे.

त्या शून्याने मला जितके खेळवले तितके त्या भागातल्या कुठल्याही राक्षसाने खेळवले नाही. वाटेत कुठे बॅकपॅक सापडला की गेम प्रत्येक प्रकारचा थोडा थोडा दारूगोळा देई आणि साठवणीची मर्यादा दुप्पट करी, त्यामुळे त्या चौथ्या ओळीत शून्याच्या जागी एकदम वीस येत आणि तीनशेचे सहाशे होत. म्हणजे ज्या बंदुकीचा त्या भागात मागमूसही नव्हता, तिच्या वीस गोळ्या माझ्या खिशात होत्या. सगळी हत्यारे देणारा गुप्त कोड टाकला तर ६ आणि ७ हे आकडेसुद्धा पिवळे होत, आणि तरीही ते बटण दाबल्यावर काहीही घडत नसे. पुढे १९९७ च्या डिसेंबरात या गेमचा सोर्स कोड खुला झाला, तेव्हा त्यात प्रोग्रामरने स्वतःसाठी लिहिलेली एक टीप वाचायला मिळाली : खेळाडूने कोड वापरला असला तरी शेअरवेअरमध्ये, म्हणजे त्या फुकटच्या भागात, प्लाझ्मा किंवा बीएफजीकडे (६ आणि ७ क्रमांकाच्या बंदुकांकडे) जाऊ नये. माझ्या बोटाखालच्या त्या निकामी बटणामागे कोणीतरी नीट विचार करून एक ओळ लिहिली होती, हे कळल्यावर मला झालेला आनंद अजून आठवतो.

पूर्ण गेम हाती आला तेव्हा मी सर्वांत आधी ती सहा क्रमांकाची बंदूक शोधली. इतक्या वर्षांत माझ्या मनात तिचे रूप पक्के झालेले होते. ती जड असेल, एकेक गोळी सावकाश सुटेल, सुटताना आवाज जवळजवळ होणार नाही आणि सगळी खोली क्षणभर निळी होऊन पुन्हा काळोखात जाईल, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षातली प्लाझ्मा रायफल लहान लहान निळसर गोळे धडाधड ओकणारी निघाली. बंदूक उत्तम होती, आजही ती मला त्या गेममधली सर्वांत कामाची बंदूक वाटते; परंतु तिने पहिली फैर झाडली त्या क्षणी माझी बंदूक नाहीशी झाली, आणि ती परत आठवायचा प्रयत्न केला तरी डोळ्यांसमोर खरीच येऊ लागली.

याहून खोल बदल पहिल्या भागाच्या शेवटाला झाला. त्या भागाच्या आठव्या लेव्हलमध्ये दोन मोठे राक्षस मारले की भिंती खाली जातात, पुढे एक टेलिपोर्टर असतो, आणि त्यावर पाऊल ठेवताच खेळाडू एका काळोख्या खोलीत जाऊन पडतो. तिथे चारी बाजूंनी हल्ला होतो, जीव झपाट्याने कमी होत जातो, त्यातून सुटका नसते, आणि जिवाची टक्केवारी अगदी तळाला गेली की भाग संपतो. ज्याच्याकडे फक्त फुकटचा भाग आहे, त्याच्यासाठी हा गेम मरणाने संपत असे. सगळे जिंकूनही शेवटी काळोखात एकट्याने मरायचे, हा मला त्या काळी फार मोठा आणि धीट शेवट वाटत होता. असा शेवट करण्याची हिंमत दुसऱ्या कोणात नाही असे मी मित्रांना सांगतही असे. पूर्ण गेममध्ये मरणाची तीच खोली दुसऱ्या भागाची पायरी ठरली. खोलीतले काहीही हललेले नव्हते, एकही राक्षस इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि तरी आता ती पूर्वीची खोली राहिली नव्हती. डेमो, म्हणजे आधी खेळून पाहायला दिलेला गेमचा नमुना, आणि पूर्ण गेम यांत फरक काय असतो याचा विचार करताना मी दरवेळी या खोलीशी येऊन थांबतो, कारण इथे फाइलमधला एकही बाइट न बदलता फरक पडलेला आहे.

शितावरून भाताची परीक्षा, अशी आपली म्हण आहे, आणि डेमोबद्दलची बहुतेकांची समजूत तीच असते : पातेल्यातले एक शीत दाबून पाहावे, शिजले असेल तर पातेले उतरवावे. शीत मात्र त्याच पातेल्यातले असते. डेमो बहुतेक वेळा वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या आचेवर आणि वेगळ्या घाईत शिजवलेला असतो. हे मला खेळाडू म्हणून उशिरा कळले, आणि कळल्यावर डेमोकडे पाहण्याची माझी नजरच बदलली.

व्यवहारात घडते ते असे. गेम पूर्ण होण्याच्या काही महिने आधी, कधी वर्षभर आधी, त्या दिवशी कामाची जी स्थिती असेल तिची एक प्रत बाजूला काढतात. मुख्य काम पुढे चालू राहते, तर बाजूला काढलेल्या प्रतीवर दोन-चार माणसे बसतात आणि तिला बाहेरच्या माणसाच्या हाती देण्याजोगी करतात. जिथून पुढे काहीच तयार नाही तिथे दार बंद करतात, ढिगारा रचतात किंवा पूल तोडतात. पूर्ण गेममध्ये तीन तासांत हळूहळू शिकवायच्या गोष्टी इथे दहा मिनिटांत शिकवायच्या असल्यामुळे शिकवणीचा भाग दाबून बसवतात. जी बंदूक सातव्या तासाला मिळायची, ती दुसऱ्याच खोलीत टेबलावर ठेवून देतात, कारण खेळाडू सातव्या तासापर्यंत थांबणार नसतो. शत्रू थोडे मऊ करतात आणि गोळ्या थोड्या जास्त देतात. मग तपासणी होते, परवानग्या होतात आणि डेमो बाहेर पडतो. तोवर मुख्य कामात त्या लेव्हलचा उजेड बदललेला असतो, नायकाची चाल बदललेली असते, कधी कधी ती लेव्हलच रद्द झालेली असते. डेमो खेळून एखादा माणूस तळमळीने चूक कळवतो, आणि ती चूक तिकडे चार महिन्यांपूर्वीच दुरुस्त झालेली असते.

या धंद्यात व्हर्टिकल स्लाइस असा एक शब्द रूढ आहे. सगळा गेम अर्धाकच्चा करण्याऐवजी त्याचा एकच छोटा तुकडा चित्र, आवाज, हालचाल अशा सर्व अंगांनी शेवटच्या दर्जापर्यंत न्यायचा आणि तो पाहून पुढचे ठरवायचे, अशी ती पद्धत. कागदावर ती शहाणपणाची वाटते आणि पुष्कळदा असतेही. हाफ-लाइफची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. १९९७ साली तो गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीतल्या लोकांच्या लक्षात आले की आपला गेम जवळपास होत आला आहे, पण खेळताना मजा येत नाही. तेव्हा त्यांनी एका लहान गटाला बसवून, आजवर सुचलेली प्रत्येक चांगली कल्पना एकाच लेव्हलमध्ये घालायला लावली. महिनाभराने ती लेव्हल सगळ्यांनी खेळून पाहिली, तिच्यात नेमके काय आवडते याचा छडा लावला आणि मग गेमचे बहुतेक काम नव्याने केले. १९९८ च्या नोव्हेंबरात आलेला गेम त्या एका लेव्हलच्या पोटातून आलेला आहे. इथे डेमो पूर्ण गेमच्या आधी जन्माला आला आणि त्याने पूर्ण गेमला घडवले. तो जगाला दाखवण्यासाठी नव्हता, एवढेच.

त्याच हाफ-लाइफचा अपलिंक नावाचा डेमो पूर्ण गेम बाजारात आल्यानंतर, १९९९ च्या फेब्रुवारीत आला. त्यातल्या लेव्हल पूर्ण गेममध्ये कुठेही नाहीत. एखाद्याने तो डेमो खेळून गेम घेतला आणि तो प्रसंग आत शोधत बसला, तर त्याला तो सापडणार नव्हता; आणि एखाद्याने आधी गेम संपवून मग डेमो उतरवला, तर त्याला त्या जगातला एक नवा कोपरा मिळत होता. मला ही रीत सर्वांत प्रामाणिक वाटते. पूर्ण गेमचा एक तुकडा कापून द्यायचा तर त्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी जखम होते. त्याऐवजी त्याच मातीची एक वेगळी छोटी वस्तू करून द्यावी. २०१६ च्या मार्चमध्ये आलेल्या फायनल फँटसी १५ च्या प्लॅटिनम डेमोतही हेच केले होते : तिथला राजपुत्र लहान मुलगा असतो, एका छोट्या प्राण्याच्या सोबतीने स्वप्नातून चालत जातो, आणि तो प्रवास मुख्य गेममध्ये नाही. रेसिडेंट ईव्हिल ७ चा त्याच वर्षी जूनमध्ये आलेला डेमो तर स्वतःच वाढत गेला. त्यात पुतळ्याचे एक तुटके बोट सापडे, ज्याचा काहीच उपयोग होत नव्हता. लोक महिनोन् महिने ते बोट घेऊन त्या पडक्या घरात फिरले, प्रत्येक वस्तूला लावून पाहिले, एकमेकांना तर्क सांगितले. डिसेंबरमधल्या सुधारणेनंतर त्या बोटाला काम मिळाले, आणि जानेवारी २०१७ मध्ये पूर्ण गेम आला. ते बोट ज्यांनी सहा महिने खिशात वागवले त्यांना माझ्या खिशातल्या वीस सेल गोळ्यांविषयी वेगळे काही सांगावे लागणार नाही.

घड्याळ लावलेल्या डेमोंचा प्रकार वेगळा. २०१० मधल्या जस्ट कॉज २ च्या डेमोत तीस मिनिटे मिळत आणि एक मोठा वाळवंटी मुलूख मोकळा मिळे. संपले की पुन्हा पहिल्यापासून. रेसिडेंट ईव्हिल २ च्या नव्या आवृत्तीचा २०१९ च्या जानेवारीतला डेमोही तीस मिनिटांचाच होता, परंतु तो एकदाच खेळता येत असे. पूर्ण गेम भीतीचा आहे आणि भीतीला सावकाशपणा लागतो : दारापाशी थांबायचे, कान द्यायचे, गोळ्या मोजायच्या. घड्याळ चालू असताना मी थांबलो नाही. मी त्या पोलीस ठाण्यातून अक्षरशः धावत सुटलो, कोपऱ्यातले कागद न वाचता पुढे गेलो, आणि दोन आठवड्यांनी पूर्ण गेममध्ये त्याच खोल्यांतून चालताना मला जाणवले की डेमोमध्ये मला धोक्यापेक्षा वेळेचीच भीती वाटत होती. भिंती, टेबले, दिवे सगळे तेच असताना माझी चाल वेगळी होती.

आता त्या डेमोंविषयी, जे आपण खेळत नाही, फक्त पाहतो. प्रदर्शनाच्या मंचावर कोणीतरी कंट्रोलर हातात घेऊन दहा मिनिटे खेळतो, सभागृह टाळ्या वाजवते, आणि त्या दहा मिनिटांवर लाखो माणसे दीड-दोन वर्षे वाट पाहतात. हेलो २ चा मे २००३ मधला डेमो मी कितीदा पाहिला असेल याची गणती नाही. उद्ध्वस्त शहर, पुलाखालचा उजेड, आणि सावल्या अशा की तशा एक्सबॉक्स या यंत्रावर कोणी पाहिलेल्या नव्हत्या. तो डेमो खोटा नव्हता, प्रत्यक्ष चालत होता. परंतु चित्रे पडद्यावर उमटवणाऱ्या ज्या इंजिनावर, म्हणजे मूळ प्रोग्रामवर, तो चालत होता ते पूर्ण गेमचा भार त्या एक्सबॉक्सवर पेलू शकले नसते, म्हणून ते सोडून द्यावे लागले आणि ती लेव्हलही गेली. ९ नोव्हेंबर २००४ रोजी आलेल्या गेममध्ये तो प्रसंग नाही. बरोबर वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, ती लेव्हल जुन्या सामग्रीतून सावरून लोकांना खेळायला दिली गेली. एक जुने वचन इतक्या उशिरा, आणि तेही वेगळ्याच वाटेने, पुरे झालेले पाहून मला मनापासून बरे वाटले.

सगळीच उदाहरणे अशी सुखाची नाहीत. एलियन्स : कलोनियल मरीन्स हा गेम फेब्रुवारी २०१३ मध्ये आला, तेव्हा त्याआधी दाखवलेल्या डेमोतला उजेड, बारकावे आणि प्रसंग त्यात नाहीत हे लोकांनी शेजारी शेजारी ठेवून दाखवले. ब्रिटनमध्ये जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे तक्रार गेली आणि दाखवलेली दृश्ये अंतिम गेमशी जुळत नसल्याचे सेगा या प्रकाशक कंपनीने मान्य केले. वॉच डॉग्जच्या बाबतीत २०१२ सालचे मंचावरचे रूप आणि २०१४ साली विकले गेलेले रूप यांत फरक दिसला, आणि मग काही हौशी लोकांना त्या जुन्या रूपाचे काही परिणाम पीसीवरच्या गेमच्या फाइलींमध्येच बंद करून ठेवलेले आढळले. कामगिरी आणि स्थिरता बिघडू नये म्हणून ते बंद केले, असे कंपनीचे म्हणणे होते.

या प्रकरणांत माझे मत बनवायला मला वेळ लागला. काम चालू असताना दाखवलेली गोष्ट बदलणार, याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. बदलण्याची मोकळीक काढून घेतली तर हाफ-लाइफ त्या पहिल्या, मजा नसलेल्या रूपातच बाजारात आला असता. ज्याने डेमो केला त्याने तो करताना उद्याच्या गेमचा सर्वोत्तम अंदाज केलेला असतो, आणि अंदाज चुकू शकतो. परंतु अंदाज चुकला हे ज्या दिवशी आतल्या माणसांना कळते, त्या दिवसापासून जुनी चित्रे दाखवून पैसे घेत राहणे हे फसवणुकीच्या फार जवळ जाते. डेमो आणि गेम यांतले अंतर मला चालते; ते अंतर माहीत असताना झाकून ठेवणे मला चालत नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘काम चालू आहे’ असे लिहिल्याने ते झाकणे उघडे होत नाही.

याच्या नेमके उलट टोकाला ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर आहे. त्याचा पहिला डेमो २०१७ च्या सप्टेंबरात आला, त्यात आठपैकी दोनच पात्रांच्या कथा होत्या, आणि खेळून झाल्यावर खेळाडूंना प्रश्नावली दिली होती. निर्मात्यांनी उत्तरे वाचली आणि काय बदलणार आहे हे पुढे येऊन सांगितले : पात्रांना धावता येईल, प्रसंग वगळून पुढे जाता येईल, अशा साध्या आणि रोजच्या सोयीच्या गोष्टी. पुढच्या जूनमध्ये दुसरा डेमो आला, त्यात तीन तास खेळता येत होते आणि त्या तीन तासांचे सेव्ह, म्हणजे जतन केलेली प्रगती, पूर्ण गेममध्ये पुढे चालू ठेवता येत होते. पहिला डेमो हा संवाद होता, दुसरा उंबरठा होता. उंबरठ्यासारख्या डेमोत मला कधी काही हरवल्यासारखे वाटत नाही, पण ते लक्षातही राहत नाहीत. तीन तास केव्हा संपले आणि गेम केव्हा सुरू झाला हे आज मला सांगता येणार नाही. आता तर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो, त्यामुळे प्रत्येक गेमचे पहिले दोन तास आपोआप डेमो झाले आहेत. ग्राहक म्हणून मला ही सोय आवडते. तिला कोणी हाताने घडवलेला शेवट नसतो, एवढी एकच माझी तक्रार आहे.

घडवलेला शेवट म्हटला की मेटल गिअर सॉलिड २ चा डेमो आठवतो. तो २००१ साली झोन ऑफ द एंडर्स या दुसऱ्याच गेमसोबत मिळत असे, आणि कितीतरी लोकांनी तो दुसरा गेम त्या डेमोसाठीच विकत घेतला. पाऊस, जहाज, आणि जुना ओळखीचा नायक स्नेक. त्याच वर्षाच्या अखेरीस पूर्ण गेम आला, आणि जहाजाचा प्रसंग संपल्यावर स्नेक बाजूला होऊन रायडन नावाचा नवखा पोरगा खेळाडूच्या हाती आला, तो शेवटपर्यंत. डेमोमध्ये दाखवलेले सगळे पूर्ण गेममध्ये होते. एकही दृश्य खोटे नव्हते. आणि तरी त्या डेमोने गेमविषयी जितकी मोठी चुकीची समजूत करून दिली तितकी खोट्या दृश्यांनीही झाली नसती. तेव्हा मी चिडलो होतो. आज मला वाटते की गेमची कथाच मुळी आपल्याला जे दाखवले जाते आणि जे खरे असते त्यांतल्या अंतराविषयी आहे, आणि तिचा पहिला प्रसंग त्या डेमोतच घडून गेला होता.

आणि पी.टी. १२ ऑगस्ट २०१४ रोजी प्लेस्टेशन ४ वर कोणा अनोळखी स्टुडिओच्या नावाने हा छोटा गेम फुकट आला. काटकोनात वळणारी एक मार्गिका, शेवटी दार, दार उघडले की पुन्हा तीच मार्गिका. दर फेरीला काहीतरी थोडे बदललेले असे : रेडिओवरची बातमी, दिव्याचा रंग, न्हाणीघरातला आवाज. शेवटचे कोडे सुटल्यावर कळत असे की ही सायलेंट हिल्स नावाच्या मोठ्या गेमची नांदी आहे, आणि त्यामागे गेमकार हिदेओ कोजिमा आणि चित्रपट दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो आहेत. एप्रिल २०१५ मध्ये तो मोठा गेम रद्द झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पी.टी. दुकानातून काढून टाकला गेला. ज्यांच्या यंत्रावर तो आधीच होता त्यांच्याकडेच तो राहिला. इथे तुलना करायला पूर्ण गेमच नाही. त्या मार्गिकेच्या पलीकडे काय होते ते कोणी दाखवून माझ्या कल्पनेला पुसले नाही, आणि म्हणून ती भीती आजही मला पहिल्या दिवसाइतकीच ताजी वाटते. पूर्ण झाला असता तर तो गेम चांगला झाला असता की वाईट, हा प्रश्न मला कोणी विचारला तर मी उत्तर देत नाही, कारण माझ्या मनात तो पूर्ण आहे.

जुने डेमो जपणारी माणसे आहेत, आणि मी त्यांचा ऋणी आहे. पोकेमॉनच्या दुसऱ्या पिढीचा १९९७ सालच्या प्रदर्शनातला डेमो २०१८ मध्ये बाहेर आला, तेव्हा लोकांनी फाइल उघडून पाहिली आणि त्यात एक वेगळेच जग निघाले : सगळ्या जपानच्या आकाराचा नकाशा, आणि १९९९ च्या नोव्हेंबरात आलेल्या गेमपर्यंत कधी न पोहोचलेले कितीतरी प्राणी. प्रदर्शनात आलेल्या मुलांना त्यातला अगदी छोटा भाग खेळता येत होता. बाकीचे सगळे त्याच कार्ट्रिजमध्ये कड्याकुलपात बसलेले होते. तो पाहताना मला वाटले की पूर्ण गेम हा अनेक शक्यतांपैकी निवडलेली एक असतो, आणि डेमोच्या अंगावर न निवडलेल्यांचे ठसे राहून जातात.

अलीकडची एक गोष्ट सांगायची आहे. दोघांनीच मिळून केलेला एक छोटा गेम आहे. निकामी झालेल्या वेधशाळेत रात्रभर फिरून दिवे दुरुस्त करायचे, असा तो शांत प्रकार. त्याचा डेमो मी पूर्ण गेम येण्याच्या आधी दीड वर्ष खेळलो होतो. डेमोचा शेवट एका लहान गोल खोलीत होत असे. काचेचे छत, एक लाकडी बाक, पेटता कंदील, आणि काचेवर पडणारा पाऊस. बाकावर बसले की नजर हळूहळू वर जाई, काचेवरून ओघळणारे पाणी दिसे, दर काही सेकंदांनी एक मोठा थेंब कुठेतरी पत्र्यावर पडल्याचा आवाज येई, आणि मिनिटभराने पडद्यावर आभाराची ओळ उमटे. दमलेल्या दिवशी मी नुसता तिथे जाऊन बसण्यासाठी तो डेमो पुन्हा खेळत असे.

पूर्ण गेममध्ये ती खोली नाही. जिन्याच्या वरच्या वळणावर जिथे तिचे दार होते तिथे आता भिंत आहे आणि भिंतीला लागून कपाट. मी दोनदा मागे जाऊन पाहिले, मग निर्मात्यांना पत्र लिहिले. त्यांतल्या एकाने सविस्तर उत्तर दिले. ती खोली त्यांनी डेमोसाठीच चार दिवसांत केली होती, कारण कुठेतरी थांबायला हवे होते आणि बंद दारापाशी थांबवणे त्यांना बरे वाटत नव्हते. नंतर त्यांनी ती मुख्य गेममध्ये ठेवून पाहिली, तेव्हा तपासणी करणारे खेळाडू बाकावर बसून राहू लागले; आता काहीतरी घडेल म्हणून एक जण वीस मिनिटे बसला आणि मग चिडून उठला. शिवाय कथेत त्या सुमाराला आभाळ निरभ्र व्हायला हवे होते, तिथे पाऊस चालला नसता. खोली काढली, असे त्याने लिहिले होते, पण पावसाचा तो आवाज वाया गेला नाही, पाचव्या प्रकरणात तो वापरला आहे.

त्याचे प्रत्येक कारण मला पटले. मी असतो तर मीही ती खोली काढली असती. मी पाचव्या प्रकरणात परत गेलो आणि हेडफोन लावून ऐकले. लांब गोदामाच्या छपरावर पाऊस पडत होता, आणि पंपाच्या घरघरीखाली, नीट कान दिला तर, दर काही सेकंदांनी तो मोठा थेंब पत्र्यावर पडत होता.

गेम विक्रीला आला त्याच आठवड्यात त्यांनी डेमो दुकानातून काढून घेतला. माझ्या डिस्कवर तो आहे. काल रात्री मी तो उघडला, चौदा दिवे दुरुस्त केले, जिना चढलो आणि वळणावरचे दार ढकलले. कंदील पेटलेला होता. बाकावर बसलो, नजर वर गेली, काचेवरून पाणी ओघळत होते. मिनिटभराने ओळ उमटली : खेळल्याबद्दल आभार, पूर्ण गेम लवकरच येत आहे.